मंगळवारची केस कोण करतं?

ऑर्थोपेडिक्सच करायचं असं ठरवलेल्या अमेरिकन मेडिकल विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात एक एक्सेल शीट हमखास उघडी असते. प्रोग्रॅमचं नाव, शहर, दरवर्षी किती रेसिडेंट (म्हणजे तज्ज्ञ व्हायचं शिक्षण घेणारे डॉक्टर) घेतात, ट्रॉमा सेंटर (गंभीर अपघातांचं केंद्र) कोणत्या दर्जाचं, मावशी किंवा मामा किती मैलांवर राहतात. (मूल मराठी घरातलं असेल तर हा शेवटचा रकाना आई भरते.) शीट दिसायला छान आणि उपयोगाला बेताची असते. तिच्यातली निम्मी माहिती प्रोग्रॅमच्या वेबसाइटवरून उचललेली, आणि वेबसाइट सगळ्यांच्या एकाच सुरात बोलतात: केसेस भरपूर, पहिल्या वर्षापासून ऑपरेशनची संधी, वातावरण घरच्यासारखं. असं न लिहिणारा प्रोग्रॅम अजून जन्माला यायचाय.

त्या शीटमध्ये नसलेला एक रकाना मात्र बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जातो. एखाद्या साध्यासुध्या मंगळवारी तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात काय असतं? चाकू, जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर की फोन? दुसऱ्या कॉलेजच्या विभागात काढायचं चार आठवड्यांचं पाहुणं रोटेशन, तिकडच्या भाषेत ‘अवे’, हे शोधण्यासाठीच असतं. दुर्दैवाने बहुतेक विद्यार्थी ते चार आठवडे फक्त स्वतःला दाखवण्यात घालवतात आणि बघायचं विसरतात.

आपल्याकडे एमएस ऑर्थोची सीट नीट-पीजीच्या रँकवर मिळते. कौन्सेलिंगला पसंतीक्रम भरायचा, केईएम की सायन की बीजे हे दोन-चार सिनियरांना फोन करून ठरवायचं, आणि पदरात पडेल तिथे तीन वर्षं काढायची. विभागाने विद्यार्थ्याला आधी पाहिलेलं नसतं आणि विद्यार्थ्यानेही विभागाला आतून पाहिलेलं नसतं. अमेरिकेतली पद्धत याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे रेसिडेन्सी पाच वर्षांची. देशभरात साधारण दोनशे प्रोग्रॅम, दरवर्षी नऊशेच्या आसपास जागा, आणि अर्ज करणारे त्याहून कितीतरी जास्त. जानेवारी २०२२ मध्ये डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या ‘स्टेप १’ परीक्षेचे गुण देणं बंद होऊन नुसतं पास-नापास सुरू झालं, आणि अर्ज चाळण्याची प्रोग्रॅमवाल्यांची सर्वांत सोपी चाळणी हातातून गेली. उरलं ‘स्टेप २’चं गुणपत्रक, संशोधन, शिफारसपत्रं आणि महिनाभर प्रत्यक्ष पाहिलेला माणूस. त्यात शेवटच्याचं वजन सर्वांत जास्त. मॅचमध्ये, म्हणजे अर्जदार आणि जागा जुळवण्याच्या देशव्यापी प्रक्रियेत, जागा मिळवणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा आपल्या घरच्या (म्हणजे स्वतःच्या कॉलेजच्या) प्रोग्रॅममध्ये किंवा जिथे अवे केलं तिथेच लागतो. म्हणजे दोन-तीन रोटेशन निवडताना पुढच्या पाच वर्षांचा पत्ताच बऱ्याच अंशी निवडला जातो.

आधी कागदपत्रांचं उरकू. अर्ज अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या सामायिक पोर्टलवरून जातात. बहुतेक कॉलेजं फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान खिडकी उघडतात, पण प्रत्येकाची तारीख वेगळी आणि बऱ्याच ठिकाणी जो आधी येईल त्याचा अर्ज आधी पाहिला जातो. इथे घात होतो तो लसीकरणाच्या फॉर्मवर. हिपॅटायटिस-बीची लस लहानपणी घेतलेली असते, पण रक्तात अँटिबॉडी पुरेशा भरत नाहीत. मग पुन्हा डोस, पुन्हा एक-दोन महिन्यांनी तपासणी, आणि तोवर जुलैचा ब्लॉक भरून गेलेला. भारतात जन्मलेल्या मुलांना आणखी एक अडचण येते. बीसीजी घेतलेली असल्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि मग एक्स-रे, खुलासापत्र हे सगळं मागे लागतं. सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी करून घ्यावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे सगळं डिसेंबरातच उरकलेलं बरं. पार्श्वभूमी तपासणी, लघवीची ड्रग टेस्ट, मास्कची फिट टेस्ट, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाचं) प्रमाणपत्र ही कामं सरळ असतात, फक्त प्रत्येकाची मुदत संपण्याची तारीख रोटेशनच्या शेवटच्या दिवसानंतरची आहे ना, एवढं पाहायचं.

महिन्यांचा क्रम हा त्याहून नाजूक विषय. पहिलं रोटेशन घरच्या विभागात, मे किंवा जूनमध्ये. तिथे हात बसतो: कोणता धागा कशाला, ड्रेसिंग कसं सोडायचं, सी-आर्म (थिएटरमधलं एक्स-रे यंत्र) आत येताना कुठे सरकायचं. त्यानंतर जुलै ते सप्टेंबर बाहेर. सर्वांत आवडता प्रोग्रॅम जुलैला ठेवू नये असं जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे. एक तर विद्यार्थी अजून कच्चा असतो. दुसरं, नवे इंटर्न (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) जुलैच्या सुरुवातीला रुजू होतात आणि पहिले दोन आठवडे अख्खी टीम त्यांना संगणकावर ऑर्डर कशी टाकायची हे शिकवण्यात गुंतलेली असते. अर्ज प्रोग्रॅमकडे जातात सप्टेंबरच्या अखेरीस, त्यामुळे शिफारसपत्र हवं असेल तर ऑगस्ट हा सोन्याचा महिना. सप्टेंबरमध्ये केलेल्या रोटेशनचं पत्र वेळेत चढवून घेण्यासाठी मागे लागावं लागतं. ऑक्टोबरचा महिना पत्रासाठी निरुपयोगी, ओळख करून देण्यासाठी मात्र चालतो.

आता मुख्य तुलना. प्रोग्रॅमचं नाव बाजूला ठेवा आणि त्याच्या रेसिडेंटना कोणकोणत्या इमारतींत काम करावं लागतं ते पाहा. अमेरिकेत एक रेसिडेन्सी म्हणजे एक हॉस्पिटल नव्हे. हार्वर्डचा एकत्रित प्रोग्रॅम मास जनरल, ब्रिगम, बेथ इस्रायल डिकनेस आणि बॉस्टन चिल्ड्रन्स अशा चार मोठ्या संस्थांत विभागलेला आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या रेसिडेंटला एका बाजूला विद्यापीठाचं स्वतंत्र ऑर्थोपेडिक हॉस्पिटल मिळतं आणि दुसऱ्या बाजूला बेलव्ह्यू, म्हणजे १७३६ पासूनचं सार्वजनिक रुग्णालय, जिथे विमा नसलेलाही माणूस दाराशी येतो. मेम्फिसच्या कॅम्पबेल क्लिनिकमध्ये १९०९ पासूनची खासगी प्रॅक्टिसची परंपरा आणि शहरातलं ट्रॉमा सेंटर यांची सांगड आहे. सिअॅटलचं हार्बरव्ह्यू वॉशिंग्टनबरोबर अलास्का, मोंटाना आणि आयडाहोचाही गंभीर ट्रॉमा झेलतं. तिथे विमानाने आलेल्या पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरचं कुणाला अप्रूप नाही. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीची गंमत वेगळी. १८६३ मध्ये सुरू झालेली ही संस्था खुबे, गुडघे, मणके यांच्या नियोजित शस्त्रक्रियांसाठी जगभर नावाजलेली आहे, पण अपघातातला रुग्ण पाहायला तिथल्या रेसिडेंटला शेजारच्या न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियनसारख्या ठिकाणी जावं लागतं.

या इमारतींचा प्रकार महत्त्वाचा, कारण रेसिडेंटला मिळणारी मोकळीक त्यावर ठरते. सरकारी किंवा काउंटी हॉस्पिटल आणि माजी सैनिकांचं व्हीए हॉस्पिटल इथे सहसा चाकू रेसिडेंट चालवतो आणि अटेंडिंग (जबाबदार वरिष्ठ सर्जन) समोर उभा राहून दुरुस्त करतो. खासगी रुग्ण, ठरावीक वेळेत संपवायची यादी आणि सोबतीला अनुभवी पीए (फिजिशियन असिस्टंट) असतील तिथे नेमकं उलट घडतं. दोन्ही हवंत. वेगात केलेला उत्तम गुडघा पाहिल्याशिवाय तो करता येत नाही, आणि नुसता पाहून तर मुळीच येत नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये व्हीए नाही आणि काउंटीही नाही, तिथे चौथ्या वर्षाच्या रेसिडेंटला एकदा एकट्यात गाठून विचारावं: ‘त्वचा कापल्यापासून टाके घालेपर्यंत तू स्वतः केलेली शेवटची केस कोणती?’ उत्तर देताना तो आठवायला थांबला, तर ते थांबणंही उत्तरच.

फेलो हा यातला सर्वांत गैरसमजाचा मुद्दा. रेसिडेन्सी संपल्यावर बहुतेक ऑर्थोपेडिक सर्जन आणखी एक वर्ष एखाद्या उपशाखेत फेलोशिप करतात, त्यामुळे मोठ्या संस्थांत फेलोंची गर्दी असते. ‘फेलो आहेत म्हणजे केस हिसकावणार’ हे सरसकट खरं नाही. खरा प्रश्न असा की एका अटेंडिंगच्या दोन खोल्या चालू असतील तर फेलो एका खोलीत आणि रेसिडेंट दुसऱ्या खोलीत असतो, की दोघे एकाच टेबलावर? दोघे एकाच टेबलावर असतील तर खांद्याच्या आर्थ्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) कॅमेरा कुणाच्या हातात आणि हाडात धागा रोवणारा अँकर कोण ठोकतो? शिकवायची आवड असलेला फेलो वरिष्ठ रेसिडेंटसाठी वरदान असतो. ऑगस्टमधला घाबरलेला फेलो मात्र स्वतःलाच सिद्ध करण्यात गुंतलेला असतो, त्याच्यावरून अख्ख्या विभागाचं मत बनवू नये.

केस लॉगचे, म्हणजे रेसिडेंटच्या शस्त्रक्रियांच्या नोंदीचे, आकडे विचारायला हरकत नाही, पण त्यांनी भुलून जाऊ नये. मान्यता देणाऱ्या संस्थेची किमान अपेक्षा पाच वर्षांत हजार शस्त्रक्रियांची राहिलेली आहे आणि बहुतेक प्रोग्रॅम ती सहज ओलांडतात. एका ठिकाणी अठराशे आणि दुसऱ्या ठिकाणी चोवीसशे, यातला फरक शिक्षणाचा असेलच असं नाही. लॉगमध्ये नोंद करताना रिट्रॅक्टर धरलेला आणि हाड कापलेला यांत फार अंतर उरत नाही. बेरजेपेक्षा वाटणी पाहावी. मुलांची हाडं, ट्यूमर आणि हात या तीन ठिकाणी बहुतेकांची बाजू लंगडी पडते. मग त्यासाठी रेसिडेंटला दोन-तीन महिने दुसऱ्या गावी पाठवतात. तिथलं घरभाडं कोण देतं, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

कॉलबद्दल, म्हणजे तातडीच्या रुग्णांसाठीच्या ड्यूटीबद्दल, बोलताना विद्यार्थी ‘किती रात्री?’ एवढंच विचारतात. त्यापुढचा प्रश्न जास्त उपयोगी आहे: ‘मणक्याचा कॉल न्यूरोसर्जरीबरोबर कसा वाटलाय आणि हाताचा कॉल प्लास्टिक सर्जरीबरोबर कसा?’ ज्या हॉस्पिटलात मणका कायम न्यूरोसर्जरीकडे जातो, तिथे पाच वर्षांत मणक्याच्या इमर्जन्सीवर हात बसणार नाही. हाताचा कॉल एक आठवडा ऑर्थोकडे, एक आठवडा प्लास्टिककडे असेल तर ठीक. रात्रपाळीची वेगळी टीम आहे की चोवीस तासांचा कॉल, हे दुसरं. आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा २००३ पासून सगळ्यांना लागू आहे, पण ती चार आठवड्यांची सरासरी आहे आणि घरून केलेल्या कॉलचे फोन तिच्यात पुरते उतरत नाहीत. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट सगळीकडेच दमलेला असतो. तो दमलाय का हे पाहू नका. पहाटे तीनला अडचण आली तर तो फोन कुणाला करतो, आणि पलीकडचा माणूस कोणत्या सुरात ‘बोल’ म्हणतो, ते ऐका.

ते ऐकायची जागा म्हणजे इमर्जन्सी विभाग. पाहुण्या विद्यार्थ्याने कॉलची रात्र कधी टाळू नये. मनगट मोडलेली साठीची बाई आलीय असं धरा. रेसिडेंट एक्स-रे बघतो, फ्रॅक्चरच्या जागी १ टक्का लिडोकेनचे १० मिलिलीटर टोचतो आणि बोटं जाळीच्या फिंगर ट्रॅपमध्ये अडकवून हात लटकवतो. दंडाला पाच ते दहा पाउंडांचं वजन, आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. ही पाच-दहा मिनिटं विद्यार्थ्याची. तळहाताच्या घडीपासून मनगट, कोपर आणि परत हाताच्या पाठीवर बोटांच्या मुळापर्यंत माप घ्यायचं, तीन किंवा चार इंची प्लास्टरचे आठ-दहा थर कापायचे, कापूस दोन-तीन थर आणि कोपराच्या टोकाला थोडा जास्त. पाणी कोमट. घाई म्हणून गरम पाणी घेतलं तर प्लास्टर लवकर घट्ट होतं खरं, पण घट्ट होताना ते स्वतःही तापतं आणि जाड थर असतील तर कातडी भाजते. स्लॅब तळहाताच्या घडीच्या पुढे गेला तर बोटं मिटत नाहीत आणि आठवड्याभरात आखडतात. रेसिडेंट हाड बसवून साचा देत असताना विद्यार्थ्याने कोपर नव्वद अंशांत धरायचं, तेही तळव्यांनी. बोटांनी दाबलं तर प्लास्टरमध्ये खड्डे पडतात आणि आत कातडीला टोचतात. हे सगळं न सांगता जमलं की त्या रात्री ती बातमी सकाळच्या राउंडपर्यंत पोचलेली असते. मोठमोठे लेख वाचून दिलेल्या उत्तरांपेक्षा ही बातमी जास्त दूर जाते.

पण त्याच रात्री विद्यार्थ्यानेही परीक्षा घ्यायची असते. दुसऱ्या एक्स-रेत हाड जरा मागे झुकलेलं दिसलं तर रेसिडेंट पुन्हा प्लास्टर काढतो का? वरिष्ठाला फोटो पाठवतो का, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो? ‘चालेल, ऑपरेशनच होणारय’ असं म्हणून पुढे जाणारा रेसिडेंट आळशी असतो असं नाही. कदाचित बाहेर अजून सहा जण थांबलेले असतात आणि त्याला मदतीला कुणीच नसतं. हा दोष त्याचा नसून प्रोग्रॅमच्या मनुष्यबळाचा असतो, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिथे आपणच उभे राहणार आहोत हे लक्षात ठेवावं.

सकाळचं वेळापत्रक सगळीकडे साधारण सारखं. साडेचार-पाचला यादी ताजी करायची, रात्रीचं हिमोग्लोबिन आणि ड्रेन किती भरला ते लिहायचं, रुग्णांना उठवून पावलं वर-खाली आणि अंगठा वर-खाली करायला लावायचा, हाताचा रुग्ण असेल तर अंगठा वर, ओकेची खूण आणि बोटांची फुली. सहाच्या सुमाराला फ्रॅक्चर कॉन्फरन्स. याच खोलीत प्रोग्रॅमचा स्वभाव उघडा पडतो. पडद्यावर कालच्या खुब्याचा एक्स-रे येतो आणि कुणीतरी विचारतं की स्क्रूचं टोक आणि मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचं शिखर यांच्यातल्या दोन्ही फोटोंतल्या अंतरांची बेरीज किती. २५ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर स्क्रू डोकं फाडून बाहेर येण्याची शक्यता वाढते. हा १९९५ चा निष्कर्ष प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. बेरीज तीस निघाली तर पुढे काय होतं ते पाहावं. एका विभागात ज्याने केस केली तो रेसिडेंट मान खाली घालतो. दुसऱ्या विभागात अटेंडिंगच उठून सांगतो की मुळात रिडक्शन (हाड जागी बसवणं) व्हॅरसमध्ये, म्हणजे आत झुकलेलं, होतं, गाइड वायर (स्क्रूची वाट दाखवणारी तार) वर गेली ती तिथूनच, आणि मग चर्चा हाडाची होते, माणसाची नाही. ज्या दिवशी सगळे फोटो सुंदर दाखवले जातात, त्या दिवशी कॉन्फरन्समधून फारसं काही कळत नाही.

थिएटरमधले शिष्टाचार थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतात आणि तरी मोडले जातात. आत शिरल्याबरोबर सर्क्युलेटिंग नर्सला नाव सांगायचं, फळ्यावर लिहायचं, आपल्या मापाचे ग्लोव्ह कपाटातून स्वतः काढून तिला द्यायचे. रुग्णाला टेबलावर घेताना आणि उतरवताना हजर असायचं. स्क्रब नर्सच्या टेबलाला न विचारता हात लावायचा नाही. आदल्या रात्री केस, अप्रोच आणि त्या वाटेतली नस एवढं वाचून जायचं. प्रश्न विचारायचा तर हातोडा थांबल्यावर. पुस्तकातल्या पहिल्या परिच्छेदात उत्तर असलेला प्रश्न मनातच ठेवावा.

तुलनेत मोजावी अशी आणखी एक गोष्ट खुंटीवर टांगलेली असते. लेडचे ऍप्रन किती आहेत, कोणत्या मापांचे आहेत, थायरॉइडचे पट्टे पुरेसे आहेत का? अमेरिकेत ऑर्थोपेडिक्समध्ये स्त्रियांचं प्रमाण सर्व शाखांच्या अगदी तळाशी राहिलेलं आहे, आणि बऱ्याच जागी खुंटीवरचे ऍप्रन अजून सहाफुटी पुरुषाच्याच मापाचे असतात. काखेपाशी मोठी फट पडली तर स्तनाचा वरचा-बाहेरचा भाग किरणांसमोर उघडा राहतो. ‘आमच्याकडे विविधतेला प्राधान्य आहे’ असं माहितीपत्रकात छापणं सोपं. लहान मापाचे, काख झाकणारे ऍप्रन विकत घेऊन ठेवलेले असणं हा जास्त खरा पुरावा. बाळंतपणाची रजा घेतलेली रेसिडेंट परत आल्यावर तिचा कॉल कुणी आणि कसा वाटून घेतला, हेही तिलाच विचारावं.

लहान गावातल्या प्रोग्रॅमना मराठी पालक नाकं मुरडतात, त्यांच्यासाठी आयोवाचं उदाहरण पुरे. मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या आयोवा सिटीत इग्नासिओ पोन्सेटी यांनी वाकड्या पावलाच्या बाळांवर मोठी शस्त्रक्रिया न करता, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करण्याची पद्धत बसवली. पाच-सहा प्लास्टर, बहुतेकदा टाचेमागच्या टेंडनला (कंडरेला) छोटासा छेद, आणि मग बूट-पट्टी. आज महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतही याच पद्धतीने बाळांची पावलं सरळ होतात. न्यूयॉर्क किंवा शिकागोचा पत्ता असला म्हणजे शिक्षण चांगलं, असं हाडांच्या शास्त्रात तरी कधी नव्हतं. लहान गावात घरभाडं परवडतं, हॉस्पिटलला पाच मिनिटांत पोचता येतं, आणि पाच वर्षं एकाच अटेंडिंगच्या नजरेखाली काढता येतात. हे शेवटचं काहींना नकोही असेल.

पोचण्यावरून नातेवाइकांकडे राहण्याचा विषय निघतोच. न्यू जर्सीतल्या एडिसनला काकांकडे राहायचं आणि मॅनहॅटनमध्ये रोटेशन करायचं, हा बेत भाडं वाचवणारा वाटतो. पण पहाटे साडेचारला वॉर्डात उभं राहायचं आणि रात्री नऊला केस संपायची, यात नदी ओलांडून रोजचा प्रवास बसत नाही. तिसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन वाट बघत असते आणि विद्यार्थी कॉल रूममध्ये झोपलेला. चार आठवड्यांसाठी हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशी खोली घ्यावी, रविवारी जेवायला जावं. खर्चाचं गणित निवडीतच धरावं. भाडं, विमान, गाडी आणि कॉलेजची फी मिळून एका अवेचा खर्च हजार-दोन हजार डॉलरच्या घरात सहज जातो. काही विभाग गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात, पण ती मागावी लागते.

पत्राची भाषाही समजून घ्यावी. ऑर्थोपेडिक्समध्ये अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनने तयार केलेला ठरावीक नमुन्याचा शिफारस फॉर्म चालतो. त्यात लेखकाला विद्यार्थ्याची इतरांशी तुलना करावी लागते आणि आपल्या यादीत तो कुठे बसेल हेही सांगावं लागतं. म्हणून विभागप्रमुखाच्या नुसत्या सहीपेक्षा ज्याच्याबरोबर दोन आठवडे रोज काम केलं त्याचं पत्र जड पडतं. विचारताना ‘पत्र द्याल का?’ असं विचारू नये. ‘भक्कम पत्र देता येईल इतकं तुम्ही माझं काम पाहिलंय का?’ असं विचारावं. त्यावर समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जावं.

अवे आणखी एका ठिकाणी कामाला येतो. २०२२ पासून ऑर्थोपेडिक्सच्या अर्जदाराला ३० प्रोग्रॅमना खास रस असल्याची खूण, म्हणजे सिग्नल, पाठवता येते. इतर शाखांच्या मानाने हा आकडा मोठा आहे. त्यामुळे ज्यांना सिग्नल गेला नाही त्यांच्याकडून मुलाखतीची आशा जवळपास सोडावी लागते. घरच्या आणि अवे केलेल्या प्रोग्रॅमलाही सिग्नल खर्च करायचा असतो. तिथे महिनाभर राहिलो म्हणजे त्यांना कळलंच असेल, असं धरून तो वाचवणाऱ्यांनी मुलाखती गमावल्या आहेत. महिना आवडला नसेल तर मात्र सिग्नल द्यायचं बंधन नाही. नको असलेली जागा नक्की कळली, तर तो अवे वाया गेला असं मानायचं कारण नाही.

मुलाखती झाल्या की फेब्रुवारीअखेरीस-मार्चच्या सुरुवातीला रँक लिस्ट भरायची आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल. तू आम्हाला कितवा क्रमांक देणार, असं विचारायला प्रोग्रॅमला नियमाने बंदी आहे. तरी आडून आडून चाचपणी होते. ‘इथे यायला मला फार आवडेल’ एवढं खरं असेल तर म्हणावं आणि थांबावं. यादी लावताना ‘तिथे आपल्याला घेतील का’ हा विचार मुळीच करू नये. जागा जुळवणारं गणित १९९८ पासून अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतं, त्यामुळे अवघड प्रोग्रॅम पहिला टाकल्याने दुसऱ्या क्रमांकावरची संधी कमी होत नाही. ते गणित बसवणाऱ्या आल्विन रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि तरीही दरवर्षी कुणीतरी हुशारी करायला जातं, सुरक्षित वाटणारा प्रोग्रॅम वर टाकतं आणि पाच वर्षं तिथेच काढतं.